शब्दचर्चा : ‘रीट्रिगर’ म्हणजे ‘पुनरारंभ’ का?

प्रश्न : मी वडसा-देसाईगंजकडचा. झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. आम्ही कीबोर्डलाही ऑर्गनच म्हणतो. शिकणाऱ्या मुलांसाठी सिंथेसायझरवर मराठीत टिपण लिहिताना ‘एन्व्हलप रीट्रिगर’पाशी अडलो आहे. ‘लिफाफ्याचा पुनरारंभ’ असे लिहिले तर मुले हसतात. कोणता शब्द योजावा?

उत्तर : लिफाफा आधी बाजूला ठेवावा. कळ दाबल्यावर सूर किती वेळात चढतो, कुठवर ओसरतो, कोणत्या पातळीवर टिकतो आणि बोट उचलल्यावर कसा विरतो, याच्या आराखड्याला ‘चढउतार’ हा साधा शब्द पुरतो. नवी कळ दाबताच हा चढउतार पुन्हा सुरू होणे म्हणजे ‘रीट्रिगर’. खरी अडचण ‘पुनरारंभ’ या शब्दाची आहे, कारण त्यात शून्यापासून सुरुवात गृहीत धरलेली आहे. पुष्कळ वाद्यांत चढउतार नव्याने सुरू होतो, पण तो सूर ज्या पातळीवर असेल तेथूनच वर जातो. शून्यावर आपटून वर आला तर मध्येच ‘टक्’ असा आवाज येण्याचा संभव असतो. म्हणून मी ‘फेरउठाव’ सुचवतो. फेरमोजणी, फेरतपासणी यांतला ‘फेर’ गावातही रुळलेला आहे. (१८५७ आठवणाऱ्यांनी क्षमा करावी.)

स्वरसंघात, म्हणजे एकाच वेळी अनेक सूर, वाजवताना मात्र फेरउठाव कोणाचा, हे सांगितल्याशिवाय शब्दाला अर्थ नाही. पांढरी एकचा सा धरून सा-ग-प दाबा आणि सा व ग तसेच ठेवून केवळ प सोडून ध घ्या. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरमध्ये पाचही आवाजांना (एका वेळी एकेक सूर वाजवणाऱ्या भागांना) आपापला फिल्टर (सुराचा उजळपणा कमी-जास्त करणारा भाग) आणि आपापला चढउतार असल्यामुळे एकटा ध उठतो, सा आणि ग स्थिर राहतात. १९८३ च्या कॉर्ग पॉली-८०० या सिंथेसायझरमध्ये आठ आवाज आहेत, परंतु फिल्टर सर्वांना मिळून एकच. तेथे ‘मल्टी’ निवडल्यास ध दाबताच फिल्टर पुन्हा उघडतो आणि धरलेले सा-ग देखील त्याच्यासोबत उजळतात. ‘सिंगल’ निवडल्यास एक जरी बोट कळीवर असेल तरी फिल्टर पुन्हा उघडत नाही, आणि ध त्या उठावाविनाच, काहीसा निस्तेज, आत येतो.

भजनी मंडळातल्या पेटीवर हे मुलांना लगेच दाखवता येईल. तीन कळा दाबून भात्याला हिसका द्या : भाता एकच असल्याने तिन्ही सूर एकदम फुगतात. जलतरंगात मात्र ज्या वाटीवर काडी पडते तीच बोलते.

प्रश्नकर्ता : पेटीचा दाखला पटला. माझ्या जुन्या कीबोर्डवर डाव्या हाताचा लांब स्वरसंघात उजव्या हाताच्या प्रत्येक सुरागणिक ‘वांव-वांव’ करतो, तो दोष मी आजवर स्पीकरचा समजत होतो. मग ‘सामाईक फेरउठाव’ आणि ‘स्वतंत्र फेरउठाव’ असे दोन शब्द ठेवू का?

उत्तर : अवश्य ठेवावेत. ‘सामाईक’ तर आपल्याकडे सामाईक विहिरीमुळे सर्वांच्या तोंडी आहे. ‘पुनरारंभ’ही टाकून देऊ नका, सगळे आवाज गुंतलेले असताना नव्या सुरासाठी काही वाद्ये एखादा जुना आवाज तोडून शून्यापासून सुरू करतात, तेवढ्यापुरता तो शब्द अगदी नेमका बसतो.