हॉन्टेड मुलाला मराठीत काय म्हणायचं?

कातरवेळ: एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करतेय, हॉरर आणि सायन्स फिक्शन दोन्ही. अकरा वर्षांचा मुलगा, रेडिओच्या खरखरीतून त्याला नावाने हाका येतात. मुळात तो 'हॉन्टेड' आहे. मी 'झपाटलेला' लिहिलं तर संपादक म्हणाले की वाचकाला तात्या विंचू आठवणार. पण माझी अडचण ती नाहीये, झपाटलं म्हणजे अंगात शिरलं, आणि ह्या पोराच्या अंगात काही शिरतच नाही, तो पूर्ण शुद्धीवर आहे, भीती त्याचीच वाटते. काय लिहू?

पारावरचा: पछाडलेला.

कातरवेळ: तोही सिनेमा आलाय, २००४ साली. आणि आता कोणीही ध्येयाने पछाडतं नि कामाने झपाटतं, दोन्ही शब्दांतलं भूत कधीच निघून गेलं.

सातारकर_आबा: लागीर! आमच्याकडं पोरगं फणफणलं, बरळाय लागलं की 'लागीर झालंय' म्हणायचे, लिंबू उतरवायचे. २०१७ ला ती सिरियल आली आणि लागीर म्हणजे प्रेम झालं, मला फार वाईट वाटलं त्याचं.

मालवणी मुलूख: आजी म्हणायची 'तेका कायतरी बाधलाहा'. बाधा घ्या ना, साधा शब्द आहे.

पारावरचा: बाधा अन्नातूनही होते हो. आणि पछाडणे हिंदीतून आलंय, कुस्तीत पाडणे, तेव्हा मीच माझा शब्द मागे घेतो.

शुद्धमती: मग सरळ 'भारलेला' लिहा की. मंत्राने पाणी भारतात, गंडा भारतात, आणि विज्ञानातही भारित कण असतातच. भूत आणि वीज एकाच शब्दात आली, हॉररही झालं आणि सायन्सही.

फिजिक्सवाला: कल्पना आवडली, पण शाळेच्या पुस्तकात 'प्रभार' आहे, धनप्रभार-ऋणप्रभार. नुसता भार म्हणजे लोड. भारनियमन सोसलेल्या माणसाला विचारा.

शुद्धमती: पुस्तकातले शब्द समितीने केलेले असतात, मंत्रून भारणं लोकांचं आहे. लोकांचा शब्द आधी.

कातरवेळ: भारलेला सुंदर आहे, पण 'भाषणाने भारलेले श्रोते' कानात बसलंय. मला धाक हवाय. आत्ता बघितलं, हॉन्ट हे जुन्या फ्रेंचमधून आलंय, अर्थ वारंवार येणं-जाणं. म्हणजे आपलं वावरणं! 'त्याच्याभोवती कुणाचा तरी वावर होता.' विशेषण मिळत नाही, पण वाक्य जमतंय.

वऱ्हाडी: वावर म्हणजे आमच्याकडं शेत न भाऊ! 'वावरात वावर होता' असं वाचीन मी ते. लहानपणी बाबांसंगं जागलीला जायचो, हरभऱ्याच्या वावरात, मचाणावर झोपायचो, आणि रात्री कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही असं बाबांनी बजावून ठेवलं होतं.

सातारकर_आबा: आमच्याकडं रान म्हणतात. हाकेचं मात्र सेम.

पारावरचा: वावर माझ्या मते 'व्यापार'वरून आलाय, व्यापार म्हणजे मूळ अर्थ काम, उद्योग. जिथे रोज काम ते वावर. म्हणजे शेत आणि वावरणं एकच शब्द.

शुद्धमती: मग शेतालाच का, दुकानाला का नाही वावर म्हणत?

वऱ्हाडी: कारण दुकानात कोणी जागलीला जात नाही! वावरात माणूस उन्हातान्हात, रात्री-बेरात्री असतो. पडीक जमिनीले आम्ही वावर म्हणत नाही, पडीत म्हणतो.

मालवणी मुलूख: पण आमच्यात तिसरी नाही, चौथी हाक. भूत तीनदाच मारतं.

वऱ्हाडी: तीनदा?? मग मी तिसरीला ओ दिली होती एकदा.