मदत हवी आहे: स्टीलर्सच्या बचावफळीतल्या शेवटच्या दोन जागा कुणाला?
मंडळी, ऑफिसात पैज लागलीय: अमेरिकन फुटबॉलमधल्या (NFL) पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचे अंतिम 53 खेळाडू कोण? सराव शिबिरातल्या 90 जणांतून ऑगस्टअखेर एवढेच उरतात. बचावाचे मी 25 धरलेत. वॉट, हेवर्ड हे बचावातले स्टार डोळे झाकून लिहिले. घोडं अडलंय शेवटच्या दोन जागांवर. सहावा कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्यांना अडवणारा कडेचा बचावपटू) तीनदा लिहून खोडला, कागदाला भोक पडलं! हल्ली बराच वेळ पाच डिफेन्सिव्ह बॅक (मागच्या फळीतले बचावपटू, कॉर्नरबॅक त्यांच्यातलाच) मैदानात असतात, म्हणून तो हवासा वाटतो. पण पंट-किकऑफला, म्हणजे लाथेने चेंडू दूर मारल्यावर, धावत जाऊन टॅकल करणारा राखीव लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) जास्त कामाचा, नाही का? नवख्याला वगळून प्रॅक्टिस स्क्वॉडवर (53 बाहेरच्या, सराव करणाऱ्या गटात) ठेवावं, तर मधेच वेव्हर्सवरून (वगळलेल्या खेळाडूंवर इतर संघ हक्क सांगतात ती प्रक्रिया) दुसराच संघ उचलायचा. तुम्ही कुणाला ठेवाल? प्री-सीझन सामन्यांत नेमकं काय बघता?