मंगळ हा प्लॅन बी कितपत?

बरेच जण म्हणतात की पृथ्वीवर मोठा लघुग्रह आदळला की खेळ खल्लास, म्हणून मंगळावर वस्ती हवीच. पण ६.६ कोटी वर्षांपूर्वी साधारण १० किमीचा दगड आदळला, डायनासोर गेले, तरी त्यानंतरच्या काळोख्या वर्षांतही पृथ्वीवर हवा होती, पाणी होतं, आणि मंगळावर आजच्या घडीला हवेचा दाब आपल्या १ टक्काही नाहीये. शिवाय दगड ढकलायचं तंत्र थोडंफार जमायला लागलंय, २०२२ मधे नासाच्या डार्ट या यानाने डायमॉर्फस नावाच्या लघुग्रहाला धडक मारून त्याची एका मोठ्या लघुग्रहाभोवतीची प्रदक्षिणा अर्ध्या तासाने कमी केली (तो जेमतेम १६० मीटरचा, मान्य).

खरी गोची बंदिस्त जागेत जगण्याची आहे. अ‍ॅरिझोनात १९९१ ला बायोस्फिअर २ या हवाबंद काचेच्या प्रयोगशाळेत आठ जण राहायला गेले, काचेच्या आत शेती, जंगल, छोटा समुद्र सगळं होतं, आणि दीड वर्षाच्या आत ऑक्सिजन २१ वरून १४ टक्क्यांवर, शेवटी बाहेरून भरावा लागला. कारण काय, तर मातीतले जीवाणू ऑक्सिजन खात होते आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांच्या आधी काँक्रीटच शोषून घेत होतं! हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं बहुतेक. आणि हे पृथ्वीवर, दाराबाहेर मदत हजर असताना.

सूर्य मात्र सोडणार नाही. दर अब्ज वर्षांत तो साधारण १० टक्के प्रखर होतो, तेव्हा कधीतरी निघावं लागेलच, पण होमो सेपियन्सचं वय आत्ता कुठे ३ लाख वर्षं, अब्ज वर्षांनी जे कोण निघतील त्यांना माणूस तरी म्हणता येईल का?