कोकणाचं पाणी ‘वाया’ जातं म्हणे!

खलाटीकर: काल इथे एकाने लिहिलं, सह्याद्रीच्या भिंतीने घात केला, पाऊस अलीकडे नि शेती पलीकडे, बोगदे पाडा आणि समुद्राला जाणारं पाणी पूर्वेला वळवा. अहो, कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आत, तरी ती १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. माथ्याने देशाला अजून काय द्यायचं?

माणदेशी: ते लिहिणारा मीच. महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरच्या वर, आमच्याकडं ५०० पडला तरी सण. माझ्या बहिणीच्या लग्नाची तारीख भटजीनं नाही, टँकरवाल्यानं काढली. वळवावळवी तुम्हाला चालत नाही? मग कोयनेचं ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला कसं चालतं? वीज झाली की अवजल, म्हणजे वापरून सोडलेलं पाणी, वाशिष्ठी नदीतून खाडीत.

खलाटीकर: वीज देशावर जात नाही वाटतं! आणि वाशिष्ठीचं नाव काढताय? जुलै २०२१ ला चिपळुणात मावशीच्या पिठाच्या डब्यातून चिखल काढलाय मी.

माणदेशी: तो पूर पावसाचा. डब्याचं वाईट वाटलं, पण मुद्दा नाही झाला.

घाटवाट: पाणी राहू द्या, रस्त्याचं बोला. वरंध घाटात दरडीमुळे दोनदा मागे फिरलोय. जुन्या वाटा डोंगराच्या सोंडेवरून नाहीतर नळीतून, म्हणजे अरुंद घळीतून, उतरायच्या. आता रुंदीकरणात उताराचा पायाच कापतात. वरची माती पाणी पिऊन फुगते आणि कातळावरून घसरते.

माणदेशी: रेल्वे १८६३ पासून बोरघाट उतरतेय की.

घाटवाट: तेव्हा वाटेत गाडीची तोंडं फिरवायचं स्टेशन होतं! एवढा चढ एका दमात जमणार नाही हे कबूल करून मार्ग आखलेला. आता डोंगरालाच सांगतात, सरक. वर माथ्यावर प्लॉट पाडलेत. आमच्या वाडीचा झरा शिमग्यापर्यंत टिकायचा, हल्ली संक्रांतीलाच आटतो. खाली भातखाचरं पडीक, वरकसावर, उताराच्या हलक्या जमिनीत, नाचणी कोण करतंय?

खलाटीकर: प्लॉट घेणारे देशावरचेच.

माणदेशी: आणि विकणारे? ...बरं, बोगदा राहिला. पण ते अवजल तरी वापरा, मग आम्हाला शिकवा.

खलाटीकर: हे मात्र झोंबलं. एप्रिलमध्ये आमच्याकडेही टँकर येतो. घ्या, खूश?

माणदेशी: खूश कसला. त्याचा नंबर द्या, आमचा फोन उचलत नाही.

घाटवाट: वरंध चालू आहे का, कुणी सांगेल? उद्या निघायचंय.