दृष्टिपटलातील शेजारच्या पेशींचे आपसांत कसे जुळते?

सूरसागरकाठी: संध्याकाळी आमच्या वडोदऱ्याच्या सूरसागरावरून महादेवाच्या मूर्तीकडे पाहिले, की तिच्या काळवंडलेल्या कडेलगतची आकाशाची पट्टी उरलेल्या आकाशापेक्षा उजळ भासते. हे दृष्टिपटलातच, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यातच, घडते का?

रावपुरेकर: बव्हंशी तिथेच. प्रकाश पडलेली ग्राही (प्रकाश टिपणारी) पेशी तिला शेजारणींशी आडवे जोडणाऱ्या हॉरिझाँटल पेशींमार्फत शेजारणींचा संदेश क्षीण करते. कडेलगतच्या उजळ बाजूच्या पेशींवर अंधाऱ्या बाजूकडून हा दाब कमी येतो, म्हणून त्यांचा संदेश इतरांपेक्षा जोरकस ठरतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डन केफर हार्टलाइन यांनी हा परस्परदाब हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्याच्या डोळ्यात मोजला आणि १९६७ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. (बिचाऱ्या क्रॅबला मात्र हॉरिझाँटल पेशी नसतात, तिथली जोडणी निराळी.)

मांडवीकर: रावपुरेकरांनी दाबण्याचेच सांगितले, पण साथ देणेही तितकेच महत्त्वाचे आहे. मेंदूकडे संदेश धाडणाऱ्या शेजारच्या काही गँग्लिऑन पेशी गॅप जंक्शन या थेट विद्युत जोडांमुळे मोजक्या मिलिसेकंदांच्या अंतराने जवळजवळ एकदमच संदेश सोडतात.

सूरसागरकाठी: हे जोड कायम सारखेच असतात का?

मांडवीकर: नाही. उजेड वाढला की दृष्टिपटलात डोपामिन हे संदेशवाहक रसायन अधिक स्रवते आणि हॉरिझाँटल पेशींमधील जोड सैलावतात.