लिनक्सवर ओटीटी धूसर का दिसतं? एचडीचे पैसे भरलेत राव

कोथरूडकर
मंडळी मदत हवीये. जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नव्हता म्हणून लिनक्स मिंट टाकलं, मस्त पळतोय. पण बाबांना संध्याकाळी टीव्हीला जोडून मालिका लावून दिली की सगळं धुरकट. प्लॅन एचडीचा, नेट फायबर, यूट्यूब १०८० ला झकास, मग ओटीटीचंच काय बिनसलंय? फायरफॉक्समध्ये आधी चालतच नव्हतं, वर पट्टी आली डीआरएम चालू करा, ते केल्यावर सुरू झालं. तापकीर गल्लीतून नवी एचडीएमआय केबल आणली, ड्रायव्हर बदलले, फरक शून्य.

पेठेतला_पेंग्विन
केबल परत घेतात का बघा (घेणार नाहीत). लॅपटॉपचा काही दोष नाहीये हो. ते डीआरएम म्हणजे व्हिडिओची कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, इथे गूगलचं वाइडवाइन, त्याच्या लेव्हल असतात. एल-१ मध्ये कुलूप उघडणं आणि व्हिडिओ डीकोड करणं दोन्ही प्रोसेसरच्या वेगळ्या सुरक्षित भागात होतं, ऑपरेटिंग सिस्टिमला पण आत डोकावता येत नाही. एल-३ म्हणजे सगळं सॉफ्टवेअरमध्ये, आणि लिनक्स डेस्कटॉपवर ब्राउझरला तेच मिळतं. आता लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तुमच्या हातात, पाहिजे तसा बदलून कंपाइल करा, मग मेमरीतून फ्रेम उचलायला अडवणार कोण? म्हणून स्टुडिओवाले म्हणतात यांना चांगली प्रत द्यायचीच नाही. बऱ्याच सर्व्हिस ४८० किंवा ७२० वर थांबवतात.

कोथरूडकर
अच्छा! मग क्रोम टाकू का? आणि ते युजर एजंट (ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख) बदलून विंडोज आहे असं भासवायचं एक्स्टेंशन असतं ना?

डेक्कनचा_डेबियन
क्रोममध्ये पण एल-३च. सोंग घेऊन फार तर लिनक्स दिसलं की दारातूनच हाकलणाऱ्या साइट उघडतील, पण कुलपाची चावी देणारा सर्व्हर ब्राउझरमधल्या वाइडवाइन मॉड्यूलची लेव्हल बघतो, तुम्ही नाव काय सांगता ते नाही. आणि डेबियनच्या रेपोतलं (सॉफ्टवेअरच्या साठ्यातलं) क्रोमियम, म्हणजे क्रोमचं ओपन सोर्स भावंड, घेऊ नका, त्यात वाइडवाइन येतच नाही. मला राग याचा येतो की २०१७ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने (वेबचे नियम ठरवणारी संस्था) ब्राउझरमधलं हे डीआरएम प्रकरण वेबच्या स्टँडर्डमध्ये घेतलं, ईएफएफ ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था निषेध म्हणून तिथून बाहेर पडली, तरी फाइली टोरंटवर येतातच आणि धुरकट बघतो कोण तर पैसे भरणारा. बरं, हे कुलूप स्वतः तोडायला जाल तर आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कलम ६५अ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद.

वारजेवाली
वाद चालू द्या, पण काकांची मालिका सुटायला नको. लॅपटॉप कामाला ठेवा, टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावा. फक्त एल-१ सर्टिफाइड आहे ना ते विचारूनच घ्या, स्वस्तातले बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स बऱ्याचदा एल-३ असतात, तिथेही हेच रडगाणं. आणि टीव्ही फार जुना असेल तर एचडीसीपी (एचडीएमआय केबलवरून जाणाऱ्या व्हिडिओचं कॉपीविरोधी कुलूप) चालतं का ते पण बघा.