मदत हवी आहे: साइटचं बिल ८,४५३ वरून एकदम २५,४४५. एवढा खर्च येतो का खरंच?

द्राक्षबाग_निफाड · २४ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

जाणकारांनी लवकर सांगा, वेळ नाहीये. आमची शेतकऱ्यांची चर्चेची साइट आहे. २०२२ ला होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे, तीन वर्षांचे ८,४५३ भरले होते. आता मेल आली आहे २५,४४५ भरा म्हणून. साइटला काही बदल केला नाही, होती तशी आहे. वर गेल्या आठवड्यापासून दुपारी दुपारी बंद पडते. फोन केला तर म्हणतात 'मोठा प्लॅन घ्या'. लूट आहे ही. अशी साइट चालवायला महिन्याला खरं किती लागतात? आकडा सांगा फक्त.

सर्व्हरवाली · रात्री ११:०५

आकडा सांगायला आधी माहिती लागेल. सॉफ्टवेअर कोणतं? सदस्य किती? शेअर्ड होस्टिंग (एकाच मशीनवर अनेकांच्या साइट) की व्हीपीएस (आपल्या ताब्यातला वेगळा सर्व्हर)? एकूण जागा किती व्यापली आहे?

बोळातला_नाना · रात्री ११:२०

फेसबुक ग्रुप काढा. फुकट. विषय संपला.

द्राक्षबाग_निफाड · रात्री ११:३२

नाना, व्हॉट्सॲप ग्रुप होता आमचा, सदस्यांची मर्यादा संपली आणि भरला. दुसरा काढला, तोही भरला. तिथे एकच प्रश्न दिवसातून चारदा येतो. २०२३ च्या द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला तेव्हा कोणी काय केलं ते आज शोधायचं असेल तर फेसबुकवर सापडेल का? साइटवर सापडतं. म्हणून काढली.

सर्व्हरवाली, सॉफ्टवेअर पीएचपीबीबी. सदस्य ३,४०० च्या आसपास. बाकीचं कुठे बघायचं?

हिशोबनीस · २५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

लूट वगैरे काही नाही. पहिला भाव महिना १९९ रुपये, गुणिले ३६ महिने, ७,१६४. त्यावर १८ टक्के जीएसटी, ८,४५३. आता रिन्युअलला महिना ५९९, गुणिले ३६, २१,५६४. अधिक जीएसटी, २५,४४५. तंतोतंत जुळतं. पहिल्या वेळेचा भाव लग्नाच्या पत्रिकेएवढा मोठा छापतात आणि रिन्युअलचा भाव खाली मुंगीच्या अक्षरात. तुम्ही वाचला नाहीत, एवढंच.

द्राक्षबाग_निफाड · सकाळी ७:५०

मी नाही, भाच्याने घेतलं होतं. तेव्हा तो कॉलेजला होता.

मुक्तस्रोत · सकाळी ८:३०

पीएचपीबीबी अजून वापरतंय कोणी? सरळ डिस्कोर्सवर या, तेही चर्चेच्या साइटचंच सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर फुकट, शोध उत्तम, मोबाइलवर सुंदर दिसतं. डिजिटलओशन कंपनीकडे बंगळूरचा सर्व्हर भाड्याने मिळतो, २ जीबी रॅमची मशीन महिन्याला १२ डॉलर. मी स्वतः दोन साइट चालवतो. एका संध्याकाळचं काम.

सर्व्हरवाली · सकाळी ९:१०

एका संध्याकाळचं तुमच्यासाठी. त्यांना दर महिन्याला सर्व्हर अपडेट कोण करून देणार? शिवाय डिस्कोर्सला मेल लागतेच, आणि बऱ्याच व्हीपीएसवाल्यांनी मेल पाठवायचे पोर्ट बंद ठेवलेले असतात. म्हणजे मेलची सेवा वेगळी. ॲमेझॉनची स्वस्त आहे, हजार मेलला १० सेंट, पण ती जोडायला पुन्हा माणूस हवा. मशीनचे हजार-बाराशे रुपये सगळे सांगतात, तो माणूस कोणी हिशोबात धरत नाही.

धागाकर्ते, कंट्रोल पॅनलमध्ये 'डिस्क यूसेज' असेल. तो आकडा टाका.

मुक्तस्रोत · सकाळी ९:२५

शिकायची तयारी हवी हो. मायबोली ही मराठी साइट १९९६ पासून चालू आहे, तिथे काय आकाशातून पडले का चालवणारे?

द्राक्षबाग_निफाड · सकाळी ११:००

६१ जीबी. आणि खाली लाल अक्षरात 'आयनोड ९८ टक्के' लिहिलंय. पण प्लॅन तर 'अनलिमिटेड'चा आहे!!

सर्व्हरवाली · सकाळी ११:२०

इथे आहे मेख. 'अनलिमिटेड' म्हणजे जीबी अनलिमिटेड, फायलींची संख्या नाही. तिला आयनोड म्हणतात.

आणि हे ६१ जीबी मजकुराचे नाहीत. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं. ५०० चिन्हांचा प्रतिसाद धरला तर दीड हजार बाइट. असे लाखभर प्रतिसाद असले तरी १५० एमबीच्या आसपास. तुमच्या लोकांनी तीन वर्षांत जे काही लिहिलंय ते एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल. फोटो किती येतात रोज?

द्राक्षबाग_निफाड · दुपारी १:४५

(आत्ता उघडली होती, परत बंद पडली.) फोटो येणारच. पानाचा फोटो असल्याशिवाय कोणी उत्तर देत नाही. सीझनला रोज तीस-चाळीस. एरवी पाच-सहा.

सर्व्हरवाली · दुपारी २:००

फोनमधून थेट टाकतात ना? एक फोटो ४ एमबी धरा. ६१ जीबी म्हणजे साधारण १५ हजार फोटो, आणि प्रत्येकाची छोटी प्रत वेगळी. आयनोड भरायला यांचाही हातभार.

पीएचपीबीबीच्या ॲडमिनमध्ये अटॅचमेंटच्या सेटिंगला फोटोची कमाल लांबी-रुंदी टाका, १६०० पिक्सेल. अपलोड होतानाच छोटा होईल, ३००-४०० केबी. जुने फोटोही तसेच बारीक करता येतात. मग सहा जीबीत बसाल आणि कुठलीही साधी मशीन पुरेल. आत्ताच्या ६१ जीबीला ती १२ डॉलरची मशीनसुद्धा पुरत नाही, तिची डिस्क ५० जीबीची असते. हे मुक्तस्रोत यांनी सांगितलं नाही.

द्राक्षबाग_निफाड · दुपारी २:३०

छोटा केला तर चालेल का? डाऊनी रोगाची पांढरी बुरशी पानाच्या मागच्या बाजूला असते, तीही कोवळी असताना बारीक पावडरसारखी. ती दिसली नाही तर भुरी हा दुसराच रोग समजून भलताच सल्ला जायचा.

अण्णा_तासगाव · दुपारी ३:१०

डाऊनी आली आहे का? पाऊस झाला ना तिकडे. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारा १ टक्का, मागची बाजू भिजली पाहिजे.

द्राक्षबाग_निफाड · दुपारी ३:१८

अण्णा, माझी छाटणी १४ तारखेला झाली, पोंगा फुटतोय. कोवळ्या फुटीवर १ टक्का बोर्डो मारून करपवू का बाग? साइटचं विचारतोय मी.

अण्णा_तासगाव · दुपारी ३:३०

मग अर्धा टक्का.

सर्व्हरवाली · दुपारी ३:४०

१६०० पिक्सेलला बुरशी दिसते. एक फोटो दोन्ही आकारांत घेऊन स्वतः पडताळा. लोकांना एवढंच सांगा की पान जवळून घ्या. अख्ख्या वेलीचा फोटो काढून 'काय झालंय' विचारणाऱ्याला ४ एमबी देऊनही काही दिसणार नाही.

दुपारी बंद पडण्याचं कारण वेगळं असू शकतं. ॲक्सेस लॉग (साइटवर कोण कधी आलं त्याची नोंद) बघा. हल्ली एआयवाल्यांचे बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचणारे प्रोग्रॅम, अशा जुन्या साइटवर तुटून पडतात, एकेक पान उपसतात. तसं असेल तर पुढे क्लाउडफ्लेअरचा (असे बॉट अडवणारी सेवा) फुकटचा प्लॅन लावा.

कायदेपंडित · सायंकाळी ५:००

खर्चाचं चाललंय म्हणून सांगतो. २०२१ च्या आयटी नियमांनुसार साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर हवा. तक्रारीची पोच २४ तासांत, निपटारा ठरलेल्या मुदतीत. उद्या कोणी एखाद्या औषधाला बोगस म्हटलं आणि कंपनीची नोटीस आली तर वकिलाची फी तुमच्या होस्टिंगच्या दसपट होईल.

द्राक्षबाग_निफाड · सायंकाळी ५:४०

हे कोणी विचारलं होतं? (पण नाव टाकतो. माझंच टाकतो, दुसरं आहे कोण.)

हिशोबनीस · सायंकाळी ६:०५

३,४०० सदस्य ना? माणशी १० रुपये वर्षाला घ्या, ३४,०००. यूपीआयचा क्यूआर लावा. नाहीतर औषधवाल्यांच्या जाहिराती घ्या, दारात रांग लागेल.

द्राक्षबाग_निफाड · सायंकाळी ६:३०

३,४०० मधले लिहिणारे साठ. बाकीचे वाचून फवारणीला जातात, ते कशाला देतील? आणि जाहिरात मेलो तरी घेणार नाही. ज्याची जाहिरात त्याचंच औषध चांगलं ठरायला एक सीझनसुद्धा लागत नाही. दुकानदाराचं ऐकायचं असतं तर दुकानात बसलो असतो.

सर्व्हरवाली · सायंकाळी ७:००

एक राहिलं. डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, कोणाच्या नावावर आहे? ते कधी संपतंय?

द्राक्षबाग_निफाड · सायंकाळी ७:१०

ते होस्टिंगबरोबरच असतं ना?

सर्व्हरवाली · सायंकाळी ७:१२

नाही!! हू-इजवर (डोमेनची नोंद तिथे दिसते) साइटचं नाव टाकून 'एक्स्पायरी' बघा. आत्ता.

द्राक्षबाग_निफाड · सायंकाळी ७:३५

२ नोव्हेंबर. आठ दिवस. भाच्याला फोन लावला, तो जर्मनीत आहे. म्हणतो डोमेन दुसऱ्या कंपनीकडून घेतलं होतं आणि कॉलेजचा मेल आयडी दिला होता. तो आयडी पास झाल्यावर कॉलेजने बंद केला. म्हणजे सूचना गेल्या असतील त्या बंद पेटीत.

मुक्तस्रोत · रात्री ८:००

डिस्कोर्सचं राहू द्या सध्या. भाच्याला त्या डोमेन कंपनीच्या सपोर्टला लिहायला सांगा, ओळखपत्र जोडून मेल आयडी बदलून मागायचा. नोंदणी त्याच्या नावावर आहे, त्यानेच मागायला हवा. होस्टिंगचं बिल दोन दिवस पडून राहिलं तरी चालेल. डोमेन दुसऱ्याने उचललं तर तीन वर्षांच्या सगळ्या लिंका गेल्या.

द्राक्षबाग_निफाड · २८ ऑक्टोबर, रात्री ९:२०

भाच्याचा पासपोर्ट पाठवून आयडी बदलून मिळाला. डोमेन दोन वर्षांसाठी भरलं, आता माझ्या नावावर आणि माझ्या मेलवर आहे. लॉगमध्ये खरंच बॉट निघाले, दुपारी १ ते ३. होस्टिंग तीन वर्षांऐवजी एकच महिना वाढवलं. १६०० ची सेटिंग टाकली, बुरशी दिसते.

सर्व्हरवाली ताई, जुने फोटो बारीक करायची ती कमांड व्यनि (खाजगी निरोप) करा. आधी बॅकअप कशावर घेऊ? घरी ६४ चा पेनड्राइव्ह आहे, मुलीचा, त्यावर अर्ध्या जागेत तिच्या गॅदरिंगचे व्हिडिओ आहेत.

अण्णा_तासगाव · रात्री ९:४५

फूट कशी आहे आता?